गोल्फ खेळणाराची कंबर

आपल्या घरांतील दुखण्यांची यादीहि काळाबरोबर बदलते. पूर्वीं कोणाची कंबर धरली तर ती विहिरीचें पाणी शेंदून, जात्यावर दळून किंवा धान्याचें पोतें उचलून धरली, असें न विचारतां कळत असे. गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या मामंजींची कंबर गोल्फ खेळून धरली आहे.

मामंजींचें वय त्रेसष्ट. एका कारखान्यांत इंजिनियर म्हणून सारा जन्म काढल्यावर निवृत्तीच्या वर्षीं मित्राच्या आग्रहानें त्यांनीं हा खेळ आरंभिला, आणि पाहतां पाहतां आठवड्यांतील चार सकाळी मैदानावर जाऊं लागल्या. सात आठवड्यांपूर्वीं एका फटक्यानंतर कमरेंत चमक भरली. पुढें ती डाव्या कुल्ल्यांतून गुडघ्यापर्यंत उतरूं लागली. एम. आर. आय. झाला. दोन गाद्या झिजलेल्या व एक फुगलेली निघाली. एका शस्त्रवैद्यांनीं दोन मणके स्क्रूनें जोडून टाकण्याचा सल्ला दिला असून पंधरा दिवसांत काय तें कळवा, असें सांगितलें आहे. निवृत्तीच्या ठेवींतला मोठा वांटा त्यांत जाणार. आतां घरांत चार मतें झालीं आहेत. सासूबाई म्हणतात, त्या काठ्या माळ्यावर टाका म्हणजे दुखणें जाईल. अमेरिकेंतले धाकटे दीर म्हणतात, ऑपरेशन एकदां उरकून घ्या. आतेसासऱ्यांच्या मतें कोंकणांतील एका हाडवैद्याच्या हातास गुण आहे. मामंजी स्वतः कांहींच बोलत नाहींत. रात्रीं जेवणें झाल्यावर तो एम. आर. आय.चा कागद घेऊन बसतात. "आम्ही कोणाचें ऐकावें?" असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

आम्ही वैद्य नव्हे. आम्हीं उभा जन्म मुलांकडून धातुरूपें घोकवून घेतलीं. परंतु या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत जे मोठे प्रयोग झाले आहेत त्यांचे निष्कर्ष कोणाहि सुशिक्षित मनुष्यास वाचून समजण्यासारखे आहेत, आणि ते या घरास उपयोगी पडतील अशी आमची खात्री आहे. मामंजींस तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा आमचें लिखाण घेऊं शकत नाहीं, एवढें मात्र धरून चालावें.

हा खेळ आपल्याकडे परका खरा, पण नवा नव्हे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या कारकीर्दींत, १४५७ सालीं, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळाच्या नादीं लागतात म्हणून त्यावर बंदी घातली गेली होती. ब्रिटिश बेटांच्या बाहेर या खेळाचा सर्वांत जुना क्लब आपल्याच देशांत, कलकत्त्यास, १८२९ सालीं निघाला. मुंबईंत चेंबूरचें मैदान १९२७ पासून आहे. नाशिकांत तर एका क्रिकेटच्या मैदानास लोक अजून 'गोल्फ क्लब' म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्यांचा हा खेळ आतां निवृत्त इंजिनियरांच्या व परदेशीं गेलेल्या मुलांच्या वाटेनें आपल्या माजघरापर्यंत आला आहे. त्याची चेष्टा करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. अठरा भोंकांचा पुरा डाव पायीं खेळला तर आठ-दहा किलोमीटर चाल सहज घडते, आणि साठीनंतर एवढें चालावयास लावणारा छंद कमी आहे काय?

तरीहि कमरेचें दुखणें हें हौशी गोल्फ खेळणारांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या दुखापतींपैकीं एक आहे, आणि त्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. कमरेचे मणके पांच. त्यांचे मागचे सांधे असे बसविलेले आहेत कीं, पुढें वांकणें व मागें कलणें सुखानें व्हावें, पिळणें मात्र जवळजवळ होऊंच नये. एका मणक्यास दुसऱ्यावर फिरण्यास वाव दोन-तीन अंशांचा. पांचांचा मिळून दहा-पंधरा अंशांचा. मग काठी मागें नेतांना खेळाडूचे खांदे नव्वद अंशांपर्यंत फिरतात ते कशाच्या बळावर? छातीच्या मणक्यांच्या आणि खुब्यांच्या. हीं दोन ठिकाणें मोकळीं असलीं तर कमरेवर फारसा ताण येत नाहीं. तीं आखडलीं असलीं, आणि खुर्चीवर चाळीस वर्षें काढलेल्या मनुष्याचीं तीं बहुधा आखडतातच, तर त्यांचें उणें कंबर भरून काढावयास जाते, आणि तें तिचें कामच नव्हे.

उजव्या हातानें खेळणाऱ्याचें शरीर फटक्याच्या शेवटीं डाव्या पायावर येतें व डाव्या खुब्याभोंवतीं आंतल्या बाजूस फिरतें. ज्यांचा हा खुबा आंत वळत नाहीं अशा खेळाडूंत कमरेचें दुखणें अधिक असल्याचें आढळलें आहे. "आम्ही तर मांडी घालून बसणारे, आमचे खुबे मोकळेच," असें कोणी म्हणेल. मांडी घालतांना खुबा बाहेरच्या बाजूस वळतो. गोल्फला पाहिजे तो आंतल्या बाजूस. तेव्हां पाटावर जेवण्याची संवय येथें कामास येत नाहीं.

काठी खालीं येण्यास सेकंदाचा सुमारें चतुर्थांश पुरतो. तेवढ्यांत कमरेच्या गादीवर येणारा दाब प्रयोगशाळेंत मोजला तेव्हां तो शरीराच्या वजनाच्या आठपटींच्या आसपास भरला. नवल असें कीं, मणका आडवा सरकविणारा ताण व्यावसायिक खेळाडूंपेक्षां हौशी खेळाडूंतच अधिक आढळला. कारण निष्णाताच्या अंगांत जी लय असते तिच्या ऐवजीं हौशी मनुष्य जोर घालतो. त्यांत आतां मोबाईलवर नामांकित खेळाडूंचे फटके पाहून तसेच मारण्याची नवी हौस आली आहे. ओटीपोट जागच्या जागीं धरून फक्त खांदे फिरवावयाचे, आणि शेवटीं पाठ धनुष्यासारखी मागें वांकवावयाची, ही आजची रीति पंचविशींतल्या शरीरास एकवेळ झेपेल. शंभर वर्षांपूर्वींचे नामांकित खेळाडू, उदाहरणार्थ अमेरिकेचे बॉबी जोन्स, काठी मागें नेतांना डावी टांच उचलीत व सर्व अंग फिरूं देत. त्रेसष्टींतल्या गृहस्थांनीं कित्ता गिरवावयाचाच असेल तर तो या जुन्या पिढीचा गिरवावा.

याच जोन्स यांची गोष्ट दुसऱ्या अर्थानेंहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९४८ सालीं त्यांचा खेळ कायमचा सुटला. दोन शस्त्रक्रियांनींहि उतार पडला नाहीं. पुढें १९५६ सालीं निदान झालें तें पाठीच्या मज्जारज्जूंत पोकळी पडत जाणाऱ्या एका विरळ रोगाचें. त्या रोगाचा गोल्फशीं कांहींएक संबंध नव्हता. म्हणून कोणता उपाय करावा हें ठरविण्यापूर्वीं हें दुखणें कोणत्या जातीचें आहे तें ठरलें पाहिजे.

कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तीं दिसतांच घरांतली चर्चा बंद करून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. लघवी अडणें किंवा नकळत होणें, शौचावरील ताबा जाणें, बसण्याच्या जागेस बधिरपणा येणें, पायांतली शक्ति भराभर कमी होणें, हीं तीं होत. मणक्याच्या तळाच्या नसांचा जुडगा दबल्याचीं हीं चिन्हें असून त्यांत तासांना किंमत असते. दुखण्याबरोबर ताप किंवा वजनाची घट असली, पूर्वीं कर्करोग होऊन गेला असला, रात्रीं निजल्यावरहि ठणका राहत नसला, किंवा म्हातारपणीं पडण्याचें निमित्त झालें असलें, तरी आठवडे घालवूं नयेत. आपल्या देशांत मणक्याचा क्षय अद्याप आढळतो; तो औषधांनीं बरा होतो, पण वेळेवर ओळखला तर.

याशिवाय दोन सोंगें उतारवयांत नेहमीं फसवितात. जांघेंत दुखत असेल आणि मोजा घालणें अवघड जात असेल तर दोष बहुधा कमरेचा नसून खुब्याच्या सांध्याचा असतो. आणि चालतांना दोन्ही पाय भरून येत असतील, पण ढकलगाडीवर ओणवें होतांच बरें वाटत असेल, तर मणक्यांतील नसांची वाट अरुंद झाली आहे असा संशय घ्यावा. या दोहोंची चिकित्सा वेगळी आहे. या भगिनींच्या पत्रांत यांपैकीं कशाचाहि उल्लेख नाहीं. पायांत बळ आहे, ताप नाहीं, रात्रीं झोप लागते, असें त्या लिहितात. म्हणजे मामंजींस विचार करण्यास वेळ आहे. तो पंधरा दिवसांचाच कां असावा, हें आम्हांस कळलेलें नाहीं.

आतां रात्रीं उघडला जाणारा तो कागद. आपल्याकडे कोणाची पाठ दुखूं लागली कीं 'मणक्यांत गॅप आहे' हें वाक्य ठरलेलें. ऐकणारास वाटतें, भिंतीस तडा गेला, आतां केव्हां घर कोसळेल याचा नेम नाहीं. २०१५ सालीं एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तींत पाठ मुळींच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या मणक्यांच्या तसबिरींचा हिशेब एकत्र केला होता. गाद्या झिजल्याची खूण विशीच्या वयांत शेंकडा ३७ जणांत सांपडली, आणि साठीच्या वयांत शेंकडा ८८ जणांत. साठीच्या शेंकडा ६९ जणांत गादी फुगलेलीहि होती. पुन्हां सांगतों, यांपैकीं कोणाचीहि पाठ दुखत नव्हती. केस पांढरे झाल्याचें छायाचित्र काढून त्यावरून डोकेदुखीचें निदान करावें, तशांतला हा प्रकार होण्याचा संभव असतो. तसबीर निरुपयोगी आहे असें नव्हे. वर सांगितलेलीं लक्षणें असलीं, किंवा शस्त्रक्रियेचा विचार खरोखर ठरत असला, तर ती अवश्य पाहिजे. पण तसबिरीवर उपचार करावयाचे नसून मनुष्यावर करावयाचे असतात. मामंजींनीं तो कागद डॉक्टरांकडे जातांना बरोबर न्यावा. एरवीं तो कपाटांत राहूं द्यावा.

सासूबाई सध्यां त्यांस पलंगावरून उठूं देत नाहींत, असें पत्रांत आहे. मायेपोटीं घडणारी ही गोष्ट उपकारक नाहीं. अमेरिकेंत १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सात दिवस निजून राहणारांस दोन दिवस निजणारांपेक्षां कांहींहि अधिक गुण आला नाहीं. कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील १९९५ च्या प्रयोगांत तर अंथरुणावर पडलेल्यांपेक्षां सोसवेल तेवढें रोजचें काम चालूं ठेवणारेच लवकर बरे झाले. नव्यानें भरलेली उसण बहुधा सहा आठवड्यांच्या आंत बरीच उतरते. ज्यांची पायांत उतरते त्यांस अधिक वेळ लागतो. सात आठवडे झाले म्हणजे उपाय थकले, असा अर्थ होत नाहीं. मामंजींच्या बाबतींत खऱ्या उपायांस अजून आरंभच झालेला नाहीं.

गोळ्यांविषयीं थोडेंच लिहितों. पॅरासिटामॉलवर आपल्या घरांतून मोठी श्रद्धा आहे. २०१४ सालीं ऑस्ट्रेलियांत १६०० हून अधिक रोग्यांवर प्रयोग झाला. नव्या कंबरदुखींत ती गोळी आणि नुसती खोटी गोळी यांत फरक पडला नाहीं. अफूच्या वंशांतील तीव्र औषधांचीहि २०२३ सालच्या प्रयोगांत तीच गत झाली, आणि त्यांची संवय जडण्याचें भय वेगळेंच. सूज उतरविणाऱ्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीं थोडा आराम पडतो; परंतु साठीनंतर पोट, मूत्रपिंड, रक्तदाब व हृदय यांची चौकशी झाल्यावांचून त्या दुकानांतून परस्पर आणूं नयेत, व डॉक्टर सांगतील त्याहून अधिक दिवस घेऊं नयेत.

तेल चोळणें आणि शेक घेणें यांस आमची हरकत नाहीं. उष्णतेनें स्नायु सैल पडतात व तेवढ्या वेळांत हालचाल सुखाची होते, हें नवीं शास्त्रेंहि मान्य करतात. पायांत उतरणाऱ्या या दुखण्यास आपल्या आयुर्वेदांत गृध्रसी असें नांव असून गृध्र म्हणजे गिधाड, रोग्याची चाल त्या पक्ष्यासारखी होते म्हणून हें नांव, अशी उपपत्ति सांगतात. असें नांव ठेवणाऱ्या वैद्यांनीं रोगी डोळ्यांनीं नीट पाहिला होता, यांत शंका नाहीं. कटिबस्तीनें आराम वाटत असेल तर ती घ्यावी. मात्र नांवनिशाणी नसलेल्या पुड्या व भस्में कोणाच्याहि शब्दावर घेऊं नयेत. २००८ सालीं अमेरिकेंत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली तेव्हां सुमारें पांचांतील एकांत शिसें, पारा किंवा सोमल निघाला होता. कोंकणांतील त्या हाडवैद्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. हलक्या हातानें चोळून घेण्यास ना नाहीं. पण पायांत कळ उतरत असतां मनुष्यास उताणें पालथें करून मणके कडाडा मोडून घेणें आम्हांस मान्य नाहीं.

कमरेचे पट्टे, वजनें लावून पाय ताणणें, विजेच्या यंत्रानें झिणझिण्या आणणें, यांवर घरोघर पैसा जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या डिसेंबरांत जुनाट कंबरदुखीविषयीं मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तींत यांपैकीं कशाचीहि शिफारस नाहीं, उलट हे उपाय नेहमींच्या उपचारांत योजूं नयेत असें सांगितलें आहे. शिफारस आहे ती मुख्यतः दुखण्याची नीट माहिती करून देण्याची आणि व्यायामाची.

व्यायाम हा शब्द ऐकून घरांतील मंडळी निराश होतात, कारण त्याला ना सुई लागते ना टांका. पण आमच्या वाचनांत आलेल्या सर्व उपायांत याच्याच बाजूनें पुरावा सर्वांत भक्कम आहे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगांत नुकत्याच कंबरदुखींतून उठलेल्या ७०१ माणसांपैकीं निम्म्यांस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीं हळूहळू चालणें वाढविण्यास सांगितलें. आठवड्यांतून पांच वेळां अर्धा तास, हें सहा महिन्यांत गांठावयाचें ध्येय. कांहींच न करणारांचें दुखणें साधारणतः ११२ दिवसांनीं उलटलें, चालणारांचें २०८ दिवसांनीं. मामंजींस तर चालण्याची गोडी अगोदरच आहे. त्यांनीं उद्यांपासून घराभोंवतीं दहा मिनिटें, दिवसांतून तीनदां, एवढ्यानें आरंभ करावा. जोडीला चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून डाव्या खुब्याचें आंत वळणें व छातीचें फिरणें मोजून घ्यावें, आणि तेथें जें उणें निघेल तें भरून काढणारे व्यायाम घ्यावेत. पोटाचे, कुल्ल्यांचे व पाठीचे स्नायु बळकट करावेत. हें काम सहा ते बारा आठवड्यांचें आहे, आणि पहिल्या दोन आठवड्यांत कांहींच फरक न दिसण्याचा संभव आहे. थोडें दुखलें म्हणजे कांहीं मोडलें असें नव्हे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूर्ववत् होत असेल तर तेवढा व्यायाम झेपला, असें समजावें.

पायांतील कळ असह्य असेल तर नसेच्या मुळाशीं स्टेरॉइडचें इंजेक्शन देतात. त्याचा गुण कांहीं आठवड्यांचा असतो. तेवढ्या मुदतींत व्यायाम साधतो हाच त्याचा खरा उपयोग. कळ नुसत्या कमरेंतच असेल तर त्याचा लाभ नाहीं.

राहतां राहिली शस्त्रक्रिया. ऑपरेशन या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न गोष्टी आपण एकत्र करतों, आणि धाकट्या दिरांच्या पत्रांतहि तोच घोटाळा दिसतो. पहिली म्हणजे बाहेर आलेला गादीचा तुकडा काढून नस मोकळी करणें. गादी फाटून नस दबते व पाय दुखतो हें १९३४ सालीं मिक्स्टर व बार या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं दाखविलें, तेव्हांपासून ही शस्त्रक्रिया रूढ झाली. दुसरी म्हणजे दोन मणके एकमेकांस जखडून टाकणें.

पहिलीविषयीं हॉलंडांतील २००७ चा प्रयोग फार उद्बोधक आहे. पायांत तीव्र कळ असलेले, सहा ते बारा आठवडे सोसलेले २८३ रोगी घेतले. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली. उरलेल्या १४२ जणांस थांबवून ठेवलें. ज्यांची केली ते लवकर सुखी झाले, यांत वाद नाहीं. थांबलेल्यांपैकीं ५५ जणांस वर्षाच्या आंत अखेर शस्त्रक्रिया घ्यावी लागली. बाकीचे तिच्यावांचूनच बरे झाले. वर्षअखेर दोन्ही गटांत शेंकडा ९५ जण बरे होते. म्हणजे ही शस्त्रक्रिया लबाडी नव्हे आणि अपरिहार्यहि नव्हे. ती मुख्यतः वेळ विकत घेते. ज्याचा पाय दुखून झोप उडाली आहे त्यास तो वेळ मोलाचा वाटेल, आणि त्यानें ती घेतली तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं.

मणके जखडण्याची गोष्ट निराळी आहे. मणका सरकत असेल, मोडला असेल, तर ती लागतेच. पण नुसत्या झिजलेल्या गादीच्या कंबरदुखीसाठीं? इंग्लंडांत २००५ सालीं ३४९ रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल लागला. मणके जखडणें आणि कसून घेतलेला व्यायाम यांत शस्त्रक्रियेचा स्पष्ट सरसपणा दिसला नाहीं. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेंतहि अशा सामान्य कंबरदुखीस ही शस्त्रक्रिया प्रयोगाबाहेर देऊं नये असें म्हटलें आहे.

येथें कोणी टायगर वुड्स यांचें उदाहरण पुढें करील, आणि धाकट्या दिरांनीं तें केलेंच आहे. २०१७ च्या एप्रिलांत त्यांचे मणके जोडले व २०१९ च्या एप्रिलांत, त्रेचाळीसाव्या वर्षीं, ते ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा जिंकले, हें खरें. पण पूर्वार्ध व उत्तरार्धहि सांगावा लागेल. त्यांच्या पाठीवर २०१४ सालीं एक व २०१५ सालीं दोन शस्त्रक्रिया होऊन त्या पुरल्या नाहींत, म्हणून ती चौथी. आणि त्या विजयानंतर २०२० व २०२४ या सालीं त्यांस पुन्हां शस्त्रक्रियेच्या मेजावर जावें लागलें. ज्याचें पोट त्या खेळावर आहे, ज्याच्या दिमतीस वैद्यांचा ताफा आहे, त्याचा हिशेब वेगळा. पहाटे चार मित्रांबरोबर चहाच्या पैजेवर खेळणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा हिशेब वेगळा.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, ज्यांस मणके जखडण्याशीं देणेंघेणें नाहीं अशा दुसऱ्या एका डॉक्टरांचें मत आधीं घ्यावें. जातांना मामंजींबरोबर घरांतील एकानेंच जावें. पांच जण गेल्यास पांच प्रश्न विचारले जातात व उत्तर कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. विचारावें तें एवढेंच: माझी कळ नेमक्या कोणत्या नसेची, आणि ती तसबिरींतील दोषाशीं जुळते काय? नस मोकळी करून भागत असतां मणके कां जखडावयाचे? तीन महिने थांबल्यास कांहीं कायमचें बिघडेल काय? माझ्यासारखे किती जण पुन्हां ज्या गोष्टीस मुकले होते ती करूं लागले? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर देतांना डॉक्टरांस 'ती गोष्ट कोणती' असें विचारावें लागेल, आणि तेथेंच खरी गांठ आहे. पत्राच्या तीन पानांत चार माणसांचीं मतें आहेत. मामंजींस काय हवें आहे तें कोठेंच नाहीं. त्यांस पुन्हां खेळावयाचें आहे कीं नुसतें सुखानें बसतां-उठतां यावयाचें आहे, यावर उपाय बदलतो. सासूबाईंनींच एखाद्या निवांत दुपारीं हें विचारावें. इतर कोणी विचारल्यास ते 'तुम्ही म्हणाल तसें' म्हणून मोकळे होतील, अशी आमची अटकळ आहे. काठ्या माळ्यावर टाकल्यानें कंबर बरी होईल याचा भरंवसा नाहीं. मात्र सकाळीं सहाला घराबाहेर पडण्याचें कारण नक्की जाईल.

खेळावयाचेंच ठरलें तर परतण्याची वाट अशी असावी. चालणें अर्ध्या तासावर आलें आणि कळ गुडघ्यावरून वर कमरेकडे सरकली कीं प्रथम नुसते भोंकाजवळचे हलके टोले. तेंहि दहा-पंधरा मिनिटें. एक-दोन आठवड्यांनीं आंखूड काठीनें अर्धे फटके. मग पुरे फटके, पण एकाआड एक दिवस आणि मोजून तीस-चाळीस चेंडू. लांब काठी सर्वांत शेवटीं. आरंभीं नऊ भोंकें खेळावीं, अठरा नव्हेत. शस्त्रक्रिया झाली असेल तर या वाटेची सुरुवात शस्त्रवैद्य सांगतील तेव्हांच. नस मोकळी केल्यानंतर ती साधारणतः दीड ते तीन महिन्यांनीं येते, मणके जोडल्यानंतर सहा महिने तरी जातात.

पहिल्या फटक्यापूर्वीं दहा मिनिटें भराभर चालून अंग तापवावें. डावा पाऊल थोडा बाहेर वळवून उभें राहावें, म्हणजे आखडलेल्या खुब्यास तेवढी सूट मिळते. काठी मागें नेतांना टांच उचलूं द्यावी, आणि फटक्याच्या शेवटीं पाठ मागें न कलवितां सरळ उभें राहावें. चौदा काठ्यांची पिशवी खांद्यावर न टाकतां ढकलगाडीवर ठेवावी. मोटारगाडींत बसून मैदान फिरूं नये. त्यानें चालण्याचा लाभ बुडतो आणि धक्के पदरांत पडतात. भोंकांतला चेंडू काढतांना कमरेंत न वांकतां एक गुडघा टेकावा, किंवा काठीच्या मुठीस लावावयाची रबराची वाटी मिळते ती आणावी. ती फार महाग नसते.